व्हिडिओ पाहून शिकताना हात रिकामा नको

संगणक आणि स्मार्टफोन व्हिडिओंच्या मदतीने शिकू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे सातत्याने येत असतात. त्यांपैकी काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. आजोळच्या आठवणी मराठीत लिहून ठेवाव्यात अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे; परंतु फोनवर एकेक अक्षर दाबत लिहिणे जमत नाही, म्हणून बोलून टंकलेखन कसे करावे याचे व्हिडिओ मी पाहते. पाहताना सगळे नीट समजते. फोन हातात घेतला की मात्र पहिली पायरीसुद्धा आठवत नाही. वयोमानाने स्मरणशक्ती उणावली, असे समजायचे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : कृपया तसे समजू नका. पाहताना समजणे आणि स्वतः करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतर तरुणांनाही चकवते. शिकागो विद्यापीठातील मायकल कार्डस आणि एड ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये याच विषयावरील प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावरची भांडी न पाडता खालचे कापड झटकन ओढून काढणे, डार्ट फेकणे, मूनवॉक करणे अशा करामतींचे व्हिडिओ त्यांनी लोकांना दाखवले. काहींना एकदाच, तर काहींना तब्बल २० वेळा. पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांचा ‘हे आपल्याला जमेल’ हा विश्वास चांगलाच वाढला. प्रत्यक्ष करायची वेळ आली तेव्हा मात्र ते एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. याच मालिकेतील आणखी एक निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. हवेत उडवून झेलण्याच्या कसरतीचा व्हिडिओ पाहिल्यावर काही जणांना त्या कसरतीची साधने क्षणभर नुसती हातात धरायला दिली, तेवढ्यानेच त्यांचा फुगलेला अंदाज खाली आला. वस्तू हाताला लागली की आपल्याला नेमके काय येत नाही, ते कळू लागते.

म्हणून व्हिडिओ ज्या फोनवर शिकायचे आहे त्या फोनवर पाहू नका. घरातील दूरदर्शन संच इंटरनेटला जोडलेला असेल तर त्यावर लावा, नाहीतर दुसऱ्या कोणाचा फोन किंवा संगणक घ्या, आणि आपला फोन हातातच ठेवा. एक पायरी पाहिली की व्हिडिओ थांबवा, ती पायरी आपल्या फोनवर करा, आणि पडद्यावर जे दिसायला हवे होते तेच दिसते आहे याची खात्री झाल्यावरच पुढे जा. तुकड्यातुकड्यांनी, शिकणाऱ्याच्या गतीने पुढे सरकणारा धडा सलग चालणाऱ्या धड्यापेक्षा चांगला समजतो, हे रिचर्ड मेयर या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांचे प्रतिपादन आहे. आणि आपण वर्गात मुलांना शिकवताना हेच करत आला असाल.

आपल्याच कामाचे उदाहरण घेऊ. गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड फोनवर असेल, तर संदेश लिहिण्याची जागा उघडून कीबोर्ड वर आणा आणि त्यावरील दातेरी चाकाच्या चिन्हावर बोट ठेवा. ते चिन्ह थेट दिसत नसेल तर चार चौकोनांच्या चिन्हाखाली सापडते. येथे व्हिडिओ थांबवा. उघडलेल्या यादीत भाषांचा पर्याय असतो. त्यात कीबोर्ड जोडण्याचे बटण दाबून मराठी निवडा. पुन्हा थांबा. आता लिहिण्याच्या जागेवर परत येऊन स्पेसची लांब पट्टी दाबून धरली की भाषांची निवड समोर येते, तीत मराठी घ्या आणि मगच माइकच्या चिन्हाला स्पर्श करून बोला. बहुतेकांचे गाडे अडते ते शेवटच्या टप्प्यावर. कीबोर्ड इंग्रजीवर राहिला तर फोन आपले मराठी बोलणे इंग्रजी शब्दांत बसवू पाहतो आणि काहीतरी भलतेच लिहितो. तेव्हा दोष आपल्या उच्चारांचा नसतो. बोलून मराठी लिहिण्याची ही सोय गूगलने २०१७ मध्ये दिली असून साध्या गद्यासाठी ती उपयोगी आहे. विरामचिन्हे आणि गावांची किंवा आडनावांची अक्षरे मात्र नंतर हाताने तपासावी लागतील.

व्हिडिओतील व्यक्ती फार भरभर बोलत असेल तर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पीड हा पर्याय आहे, तेथे ०.७५ निवडल्यास गती कमी होते आणि आवाजही समजेल असाच राहतो. फोनवर चित्राच्या डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की व्हिडिओ १० सेकंद मागे जातो. संगणकावर पाहत असाल तर हेच काम ‘जे’ ही कळ करते आणि ‘के’ दाबल्यावर व्हिडिओ थांबतो किंवा पुन्हा सुरू होतो.

जवळ एक वही ठेवा. व्हिडिओतील वाक्ये तशीच न उतरवता, आपण स्वतः काय दाबले आणि त्यानंतर काय दिसले, एवढेच आपल्या शब्दांत लिहा. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न लावता आणि वहीही न उघडता तेच काम करून पाहा, आणि अडल्यावरच वही उघडा. अडलेल्या जागी आठवण्याचा जो प्रयत्न होतो त्यानेच पायरी मनात पक्की बसते. मैफली कितीही ऐकल्या तरी पेटीवर बोटे फिरू लागतात ती पेटीवर हात ठेवल्यावरच, आणि फोनचेही तसेच आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या देवस्थान समितीचा खजिनदार म्हणून यंदा माझी निवड झाली आहे. महाजन आणि कुळावी यांच्याकडून येणारी वर्गणी, जत्रेचा खर्च, पावत्या हे सारे आजवर वहीत लिहिले जाते. संगणकावर हिशेब ठेवायला शिकावे असे वाटते. पण एक्सेलचे जे व्हिडिओ समोर येतात ते बहुतांशी इंग्रजीत किंवा हिंदीत असून कंपन्यांच्या कामासाठी केलेले दिसतात. मराठीतून क्रमवार शिकण्याची काही सोय आहे का?
— एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : आहे, आणि ती विनामूल्य आहे. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिला असून त्याला केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाचे साहाय्य लाभले आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे त्यात आहेत आणि त्यांतील अनेकांचे निवेदन मराठीसह विविध भारतीय भाषांत उपलब्ध आहे. आपल्या कामाला लागणारी मालिका लिबरऑफिस कॅल्क या नावाची. लिबरऑफिस हा संच पैसे न देता उतरवून घेता येतो, आणि त्यातील कॅल्कमध्ये शिकलेले बहुतेक सारे एक्सेलमध्येही तसेच चालते. प्रत्येक धड्याबरोबर त्याची लिखित संहिताही मिळते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण एखादा शब्द ऐकू आला नाही तर तो वाचता येतो.

या प्रकल्पाने शिकण्याची एक रीत सांगितली आहे, ती जशीच्या तशी पाळावी. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा आणि उरलेल्या अर्ध्या भागात ज्यावर काम करायचे ते सॉफ्टवेअर अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवायच्या, आणि धड्यात जे घडते ते थांबून थांबून दुसऱ्या खिडकीत करत जायचे. विंडोज असलेल्या संगणकावर विंडोजची कळ दाबून धरून डावा बाण दाबला की चालू खिडकी पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात बसते. उजव्या बाणाने ती उजवीकडे जाते. काही धडे सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर केलेले आहेत, त्यामुळे एखादे बटण निराळ्या जागी दिसले तर गोंधळून जाऊ नये.

माझा आग्रह असा की संपूर्ण मालिका पाहून संपवण्याच्या मागे लागू नका. आपले काम आधी कागदावर मांडा. तारीख, पावती क्रमांक, तपशील, जमा, खर्च आणि शिल्लक असे सहा रकाने आपल्याला हवेत. मग फायली उघडणे व जतन करणे, रकान्यांत माहिती भरणे आणि सूत्रे वापरणे एवढ्याच विषयांचे धडे निवडा, आणि धड्यातील नमुन्याच्या आकड्यांऐवजी गेल्या जत्रेच्या वहीतील खरे आकडे भरा. शिलकीचे सूत्र पाठ करण्याचीही आवश्यकता नाही. पहिल्या ओळीत आरंभीची शिल्लक लिहा. दुसऱ्या ओळीच्या शिल्लक रकान्यात बरोबरचे चिन्ह टाइप करा, वरच्या ओळीतील शिलकीवर माउसने टिचकी मारा, अधिक चिन्ह द्या, या ओळीतील जमेवर टिचकी मारा, वजा चिन्ह द्या, खर्चावर टिचकी मारा आणि एंटर दाबा. आता त्या चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील बारीक चौकोन माउसने धरून खाली ओढला की प्रत्येक ओळीची शिल्लक आपोआप मांडली जाते, आणि मागची एखादी नोंद दुरुस्त केली तर खालच्या सगळ्या शिलका त्याच क्षणी बदलतात. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पुढचे शिकण्याची ओढ आपसूक लागते.

पहिले वर्षभर वही बंद करू नये. संगणकावरील शिल्लक आणि वहीतील शिल्लक दर महिन्याला पडताळून पाहा. गोव्यात मामलेदार हे देवस्थानांचे प्रशासक असतात. त्यामुळे हिशेब कोणत्या स्वरूपात ठेवावेत आणि संगणकावरील छापील प्रत चालेल का, हे त्यांच्या कचेरीत विचारून घेतलेले बरे. फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून समितीतील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी.

प्रश्न : व्हिडिओत दाखवलेले पर्याय माझ्या फोनवर नसतातच. फोन सदोष आहे का? की व्हिडिओ खोटे असतात?
— एक वाचक, वास्को

उत्तर : बहुतेक वेळा दोन्ही नाही. अँड्रॉइड ही प्रणाली गूगलची असली तरी प्रत्येक उत्पादक तिच्यावर आपले आवरण चढवतो. सॅमसंगचे वन यूआय, ओप्पोचे कलर ओएस, विवोचे आधी फनटच आणि आता ओरिजिन ओएस, शाओमीचे आधी मीयूआय आणि आता हायपर ओएस अशी त्यांची नावे आहेत. एकच सोय एका फोनवर ‘डिस्प्ले’खाली, तर दुसऱ्यावर ‘ॲक्सेसिबिलिटी’खाली असू शकते. त्यात प्रणालीची आवृत्ती बदलली की मांडणी पुन्हा बदलते.

त्यामुळे व्हिडिओ शोधण्याआधी सेटिंगमध्ये बहुधा तळाशी असलेल्या ‘अबाउट फोन’ या भागात जाऊन फोनचे मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती टिपून ठेवा, आणि शोधताना कामाच्या नावासोबत मॉडेलचेही नाव लिहा. व्हिडिओच्या शीर्षकाखाली तो कधी प्रसिद्ध झाला ते दिसते, तेही पाहावे. फोनच्या बाबतीत चार-पाच वर्षांपूर्वीचा व्हिडिओ सहसा कामाचा राहत नाही. पूर्वी किती जणांनी व्हिडिओ नापसंत केला तो आकडा पाहून काही अंदाज बांधता येई. यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून तो आकडा सर्वांना दाखवणे बंद केले. माझ्या मते शिकू पाहणाऱ्यांचे त्यात नुकसानच झाले. आता प्रतिक्रियांमध्ये ‘ही पायरी माझ्या फोनवर दिसत नाही’ असे कोणी लिहिले आहे का, आणि त्यावर काही उत्तर आले आहे का, ते चाळून पाहावे लागते.

आणखी एक उपाय व्हिडिओपेक्षाही लवकर लागू पडतो. सेटिंग उघडल्यावर वरच्या बाजूला भिंगाचे चिन्ह किंवा शोधाची पट्टी असते. व्हिडिओत ज्या सोयीचा उल्लेख झाला तिचे नाव तेथे लिहिले की आपल्या फोनवर ती कोठे ठेवली आहे ते समोर येते. म्हणून व्हिडिओ पाहताना बटणांच्या जागांपेक्षा त्यांच्या नावांकडे लक्ष द्यावे.

प्रश्न : आमच्या वाड्यावर नेटवर्क फार कमी येते आणि व्हिडिओ मध्येच अडकतो. काय करावे?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : वाळपईला किंवा जेथे नेटवर्क चांगले मिळते तेथे गेल्यावर यूट्यूबच्या ॲपमध्ये व्हिडिओखालील ‘डाउनलोड’ हे बटण दाबून हवे ते व्हिडिओ फोनवर उतरवून ठेवावेत. ही सोय सगळ्या व्हिडिओंना नसते, आणि उतरवलेले व्हिडिओ चालू राहण्यासाठी फोन मधूनमधून इंटरनेटला जोडावा लागतो. चित्राची गुणवत्ता अगदी कमी निवडू नये. नाहीतर पडद्यावरील बारीक अक्षरे वाचता येत नाहीत आणि शिकवणीचा उद्देशच बाजूला राहतो.

प्रश्न : घरबसल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा कसा काढावा याचा व्हिडिओ मी पाहत होते. व्हिडिओखाली दिलेल्या लिंकवरून एक ॲप उतरवून घेण्यास सांगितले होते. ते घेतल्यावर त्याने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, तेव्हा मला शंका आली आणि मी थांबले. हे ॲप वापरावे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : अजिबात वापरू नये, आणि आपण नेमक्या योग्य ठिकाणी थांबलात. जमिनीचा उतारा पाहण्यासाठी आपले एसएमएस वाचण्याचे कोणालाही काही कारण नाही. बँकेचे ओटीपी एसएमएसमधूनच येतात, आणि ही परवानगी मागणारी बनावट ॲप्स बहुधा त्याच्याच मागावर असतात. ते ॲप ताबडतोब काढून टाका. नंतर प्ले स्टोअर उघडून उजव्या वरच्या कोपऱ्यातील आपल्या चित्रावर टिचकी मारा आणि ‘प्ले प्रोटेक्ट’मध्ये जाऊन फोनची तपासणी करून घ्या. ॲपमध्ये बँकेची काही माहिती भरली गेली असेल, तर डेबिट कार्डाच्या मागील बाजूस छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवा. पैसे गेल्याचे आढळल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर त्याच घटकेला फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम मध्येच रोखली जाण्याची शक्यता अधिक.

एक-चौदाचा उतारा गोवा राज्य शासनाच्या भूमापन व भूमी अभिलेख संचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. तेथे तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग क्रमांक द्यावे लागतात, त्यामुळे हे तपशील आधी हाताशी ठेवा. व्हिडिओ रीत समजून घेण्यापुरता पाहावा. संकेतस्थळाचा पत्ता मात्र स्वतः टाइप करून उघडावा. शासकीय पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो. पत्त्यात मध्येच कोठेतरी ही अक्षरे असणे पुरेसे नाही. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी, अगदी शेवटी ती असली पाहिजेत.

याच संदर्भात दोन सूचना सर्वच वाचकांसाठी. व्हिडिओखालील मजकुरात किंवा प्रतिक्रियांत दिलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकांवर कधीही फोन करू नये. तो क्रमांक बँकेच्या किंवा कंपनीच्या स्वतःच्या कागदपत्रांवरूनच घ्यावा. आणि शिकवण्याच्या निमित्ताने कोणी अनोळखी व्यक्ती आपला पडदा तिला दिसेल असे ॲप घालायला सांगू लागली, किंवा पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाका म्हणाली, तर फोन तत्काळ बंद करावा. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

प्रश्न : मी तारवटी आहे. वर्षातील बराच काळ जहाजावर असतो. आई काणकोणला एकटी राहते. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणे, व्हिडिओ कॉल घेणे, विजेचे बिल पाहणे हे तिला फोनवरून पुन्हा पुन्हा समजावतो, पण ती गोंधळते. यूट्यूबवरील व्हिडिओ तिला परके वाटतात. मीच तिच्यासाठी व्हिडिओ तयार करू शकतो का?
— एक वाचक, सध्या समुद्रावर

उत्तर : अवश्य करा. मुलाच्या आवाजातील, घरच्या बोलीतील शिकवणीची सर कोणत्याही नामवंत चॅनेलला येणार नाही. अँड्रॉइड ११ पासून पडदा मुद्रित करण्याची सोय प्रणालीतच दिली आहे. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट दोनदा खाली ओढले की येणाऱ्या चिन्हांमध्ये ‘स्क्रीन रेकॉर्ड’ सापडते. तेथे माइकचा आवाज चालू करा आणि पडद्यावरील स्पर्श दाखवण्याचा पर्यायही निवडा, म्हणजे आपले बोट जेथे टेकेल तेथे ठिपका उमटतो आणि कोठे दाबायचे ते आईंना नेमके दिसते.

शक्य असेल तर पुढच्या सुट्टीत घरी आल्यावर आईंच्याच फोनवर मुद्रण करा. त्यांच्या पडद्यावर जी चिन्हे ज्या जागी आहेत तीच व्हिडिओत दिसली, की अर्धा गोंधळ नाहीसा होतो. त्यानंतर ती चिन्हे कोणी हलवणार नाही, याचीही काळजी घ्या. तोवर आपल्या फोनवर काम भागवावे लागेल. पण निदान अक्षरांचा आकार आणि भाषा आईंच्या फोनवर आहे तशी ठेवा.

एका व्हिडिओत एकच काम असू द्या, आणि तो दीड-दोन मिनिटांपलीकडे लांबवू नका. ‘इथे जा, मग हे कर’ असे न बोलता चिन्हाचे वर्णन करा. ‘हिरव्या रंगाचे, आत फोन काढलेले चित्र आहे, त्यावर बोट ठेव आणि लगेच उचल’ असे. बोट लगेच उचलायचे हे सांगणे आवश्यक आहे, कारण बोट दाबून धरले की फोन निराळाच पर्याय उघडतो आणि पुष्कळ ज्येष्ठांचा गोंधळ तेथूनच सुरू होतो. प्रत्येक पायरीनंतर तीन-चार सेकंद काही न बोलता थांबा. चुकून दुसरीकडे गेल्यास परत कसे यायचे, हे पहिल्याच व्हिडिओत दाखवा. परतीची वाट ठाऊक असली की माणूस बटणे दाबायला भीत नाही. मुद्रण सुरू करण्यापूर्वी सूचना बंद ठेवा, आणि पिन किंवा पासवर्ड टाकायचा भाग कधीही मुद्रित करू नका.

बंदरात नेटवर्क मिळाले की व्हिडिओ पाठवा आणि व्हॉट्सॲपवरील आपल्या दोघांच्या संभाषणात त्या संदेशाला पिन करून ठेवण्यास आईंना सांगा, म्हणजे तो वरच्या बाजूला सापडतो. ही पिन ठरावीक दिवसांनी निघून जाते, म्हणून जास्तीत जास्त, म्हणजे ३० दिवसांची मुदत निवडावी. पहिला व्हिडिओ विजेच्या बिलाचा करू नका. व्हिडिओ कॉल कसा उचलायचा, हा करा. तो जमला की बाकीचे आपण त्यांना समोरासमोर बोलत शिकवू शकाल.